धनुष्याची जवारी

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात गडाच्या हवालदारास एक बारीकशी ताकीद आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे जिन्नस बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. हा बाण धनुष्यावरचा नव्हे, दारूचा अग्निबाण. पण ताकीद कोणत्याही शस्त्रास लागू पडावी अशी आहे, आणि सातारा जिल्ह्यात अलीकडे धनुर्विद्येचा जो उदय झाला आहे, त्याचे कौतुक ऐकताना मला ती वारंवार आठवते.

उदय थोडाथोडका नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. २०२३ साली साताऱ्याचा पार्थ साळुंखे युवा जगज्जेता झाला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात, बर्लिन येथे, शेरेवाडीच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने अंतिम सामना १४९–१४७ असा जिंकून कंपाऊंड धनुष्याचे जगज्जेतेपद मिळविले, तर नागपूरहून साताऱ्यास शिकण्यासाठी आलेल्या ओजस देवतळेने दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांचे. अदिती आणि ओजस यांचे गुरू प्रवीण सावंत, आणि सरावाची जागा उसाच्या शेतात. अदितीचे वडील शाळेत गणिताचे शिक्षक. मुलीच्या साहित्यासाठी त्यांना कर्ज काढावे लागले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे.

सत्कार होतात, बक्षिसे जाहीर होतात, नवी धनुष्ये येतात, आणि ती आली त्याच दिवसापासून जुनी होऊ लागतात. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ज्या कल्पनेचे पेटंट १९६६ साली मागितले आणि १९६९ साली मिळविले, त्या कंपाऊंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चक्रे असतात, त्यांना मुले ‘कॅम’ म्हणतात. दोरी पूर्ण ओढली की वजनाचा मोठा भाग ही चक्रेच पेलतात, म्हणून नेमबाजाला पन्नास मीटरांवरचे लक्ष्य स्थिर हाताने न्याहाळता येते. पण दोन्ही चक्रे एकाच क्षणी फिरली पाहिजेत, आणि त्यांना एकत्र बांधणारी दोरी तर कृत्रिम धाग्यांची, वापराने हळूहळू लांबणारी. ती केसभर लांबली की एक चक्र मागे पडते, दोरीतले नेम धरण्याचे छिद्र डोळ्यासमोरून फिरून जाते, आणि मुलगी बिचारी आपला हातच बिघडला असे समजून रडकुंडीस येते. दोष हाताचा नसतो. तो लांबलेल्या दोरीचा असतो.

धनुष्याची दोरी अशी सैलावते तसाच वाद्याचा सूर उतरतो; आणि सूर जुळविणे, सूर उतरणे हे शब्द ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बोलले जातात, ते मिरज शेजारच्या सांगली जिल्ह्यातच आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण ती वाद्ये घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार देणाऱ्यांची, हे कित्येकांस ठाऊक नसते. शस्त्रांचा जमाना सरला तेव्हा तेच हात तंबोऱ्याकडे वळले. त्यांच्या धंद्याचे मर्म घडविण्याइतकेच जवारी काढण्यात आहे: तारेच्या घर्षणाने घोडीचा पृष्ठभाग झिजला की तो पुन्हा घासून बरोबर करायचा, आणि हे काम एकदा करून संपत नाही. घोडीवर तारेखाली जो सुती धागा सरकवतात त्याला गवई ‘जीव’ म्हणतात. संस्कृतात धनुष्याच्या दोरीचे एक नाव ‘जीवा’ आहे. हा योगायोग मला फार आवडतो, आणि तो निव्वळ योगायोगच आहे असे मानायला मन तयार होत नाही.

याच्या उलट, एका विद्यालयात मी एक कंपाऊंड धनुष्य पाहिले. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात, वैशाखाच्या उन्हाळ्यात भाजत पडलेले. दोरीचे धागे पिंजलेले. जडसंग्रहाच्या नोंदवहीतला क्रमांक मात्र ठळक. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होता. त्या धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरून, ज्यांना ‘लिंब’ म्हणतात, कापसाचा बोळा फिरविला असता तर तडा असल्यास तंतू तेथे अडकले असते; तडा नसता तर नवी दोरी, नव्या केबली आणि तीर टेकविण्याचा नवा आधार बसवून आणखी एखादी मुलगी त्यावर शिकली असती. नव्या धनुष्याची किंमत लाखाच्या घरात जाते आणि या डागडुजीची तिच्या अल्पांशात भागते. तडा गेलेले पाते मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी वापरू नये. आणि तीर न लावता दोरी सोडण्याचा पोरखेळ तर कदापि करू नये, कारण तिराने न्यायची सारी शक्ती मग पात्यांत आणि चक्रांत उतरते.

  कंपाऊंडवाले नेमबाज हातात धरण्याच्या एका लहानशा घोड्याने दोरी सोडतात, आणि त्यालाही झीज आहे, त्यालाही साफसफाई हवी.

तेव्हा सरकारकडे आणि जिल्हा परिषदेकडे माझी मागणी अगदी थोडी आहे. क्रीडासाहित्याच्या अंदाजपत्रकात ‘खरेदी’च्या सदराशेजारी ‘निगा’ असे दुसरे सदर असावे, आणि त्यात दरसाल तरतूद व्हावी. पाती दाबून दोरी सुरक्षितपणे उतरविण्याचे जे यंत्र असते, ‘बो प्रेस’, ते साताऱ्यात एक आणि मिरजेत एक बसवावे. घरगुती फळ्या-साखळ्यांनी ते काम करू नये, हात जातो. शिकलगारांच्या वंशातील एखाद्या होतकरू कारागिराला दोरी वळण्याचे आणि चक्रे जुळविण्याचे शिक्षण द्यावे. सुराची पारख ज्या कानाला आणि बोटाला पिढीजात आहे, त्याला हे अवघड जाईल असे मला वाटत नाही.

२०२८ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड धनुष्याचा प्रथमच प्रवेश होत आहे, मिश्र सांघिक प्रकारात. तोपर्यंत सातारा-सांगलीच्या शाळांतील कपाटे एकदा उघडून पाहावीत, एवढीच विनंती.