पक्षिनिरीक्षण व आमचे विद्यार्थी

उन्हाळ्याच्या अखेरीस मुलांना एक दिवस पाणवठ्यावर नेऊन पाखरें दाखवावीं, असें आम्ही सुचविलें कीं कांहीं पालक विचारतात, "यांत लाभ काय? आणि पक्षीच पाहावयाचे, तर मुंबईकडे जाऊन रोहित कां पाहूं नयेत?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

ठाण्याच्या खाडीस २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें व २०२२ मध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिची नोंद झाली. मे महिन्यापर्यंत तेथील चिखलावर गुलाबी थवे चरतांना दिसतात. तें दृश्य खचित अनुपम होय. परंतु पाखरें पाहण्यासाठीं बार्शीटाकळीच्या मुलास वऱ्हाड सोडण्याचें कारण नाहीं. आपल्याच तालुक्यांत महान येथें काटेपूर्णेचा जलाशय आहे. अकोला शहरास पिण्याचें पाणी तेथूनच मिळतें. उन्हानें पाणी ओसरलें म्हणजे काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यांतील किडे व मासळी टिपावयास बगळे, ढोकरी, शेकाटे जमतात. हिंवाळी बदकें बहुतेक उत्तरेस परतलेलीं असतात. म्हणून येथील कायमचे रहिवासी ओळखण्यास हाच काळ उत्तम.

त्यांतही टिटवीकडे मुलांनीं विशेष लक्ष द्यावें. रात्रीं ती ओरडली तर अशुभ, तिचीं अंडीं उंचवट्यावर दिसलीं तर पाऊस फार, असें लोक म्हणतात. खरें नवल निराळेंच आहे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्यें, बहुधा चार ठिपकेदार अंडीं घालते. आपल्याकडील ४५ अंशांच्या उन्हांत तीं उबविण्यापेक्षां थंड राखणेंच कठीण! नर व मादी आळीपाळीनें त्यांवर सावली धरतात. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणतात. अशा वेळीं एखादा हौशी मुलगा जवळ जाऊन रेंगाळला, तर तीं दोघें ओरडत दूर उडतात आणि अंडीं तापून निकामी होऊं शकतात. मुलानें दगड मारिलेला नसतो, अंड्यास हातही लाविलेला नसतो; तरी हानि व्हावयाची ती होतेच.

म्हणून आमचें मत असें कीं, पाहावयास शिकणें म्हणजे वेळींच मागें सरावयास शिकणें. मुलांनीं सकाळीं लौकर जावें, दुरून पाहावें, वहींत पक्ष्याचें नांव, संख्या व वेळ टिपावी. आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालूं लागली कीं आल्या वाटेनें परतावें. पालकांनीं मुलांच्या खिशांतील गलोल तेवढी काढून घ्यावी.

आतां लाभाविषयीं. बालपणीं छर्ऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीची जात कोणती, या जिज्ञासेनें सलीम अली (१८९६–१९८७) पक्षिशास्त्राकडे वळले. त्या मुलाचा प्रश्न वडीलधाऱ्यांनीं हंसून टाळिला नाहीं, योग्य ठिकाणीं पाठविला. प्रत्येक मूल शास्त्रज्ञ होणार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या घरट्यापासून किती अंतरावर उभें राहावें हें ज्यास कळलें, तो पुढें कोठेंही गेला तरी चांगला शेजारी होईल. परीक्षेच्या गुणपत्रिकेंत या विषयास रकाना नाहीं. तरी तो शिकविलाच पाहिजे.