विश्लेषण : खाण्याच्या विकारांवर समुपदेशन हवे, पण जायचे कोणाकडे?

मुलगी नीट जेवत नाही म्हणून आहारतज्ज्ञ, सतत उलट्या होतात म्हणून पोटविकारतज्ज्ञ, पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, दात झिजले म्हणून दंतवैद्य. खाण्याच्या विकाराच्या अर्थात ‘ईटिंग डिसऑर्डर’च्या रुग्णाची आणि घरच्यांची फरफट अनेकदा अशी सुरू होते. प्रत्येक ठिकाणी एकेका लक्षणावर उपचार होतात आणि मूळ आजार मानसिक आहे हे कळेपर्यंत बराच काळ निघून जातो. ते कळल्यावरही प्रश्न उरतोच, की योग्य तज्ज्ञ कोण आणि तो ओळखायचा कसा?

हे विकार नेमके कोणते?

डाएट करणे किंवा लग्नात चार घास जास्त खाणे म्हणजे विकार नव्हे. खाणे, वजन आणि शरीराचा आकार याच विचारांनी दिवस व्यापला जातो, अभ्यास, नोकरी, नातेसंबंध यांवर परिणाम होऊ लागतो, तेव्हा तो आजार ठरतो. त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’मध्ये वजन वाढण्याची तीव्र भीती असते आणि हाडे दिसू लागली तरी रुग्णाला आपण जाडच वाटतो. ‘बुलिमिया नर्व्होसा’मध्ये ताबा सुटून खूप खाल्ले जाते आणि मग उलटी, जुलाबाची औषधे किंवा अतिव्यायामाने ते भरून काढण्याची धडपड होते. ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’मध्ये खाण्यावरचा ताबा सुटतो, नंतर अपराधी वाटते; मात्र भरून काढण्याचे असे प्रकार नियमित होत नाहीत. 

शेवटच्या दोन प्रकारांत वजन सामान्य किंवा जास्तही असू शकते. त्यामुळे रुग्ण नेहमी हडकुळाच दिसेल, असे नाही. हे विकार मुलग्यांना आणि पुरुषांनाही होतात.

आपल्याकडे ते लवकर लक्षात का येत नाहीत?

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार ही कारणे पुढे केली की न जेवणाऱ्याला घरात कोणी हटकत नाही. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुक आजाराला बळ देते. जिममध्ये तासन्‌तास घाम गाळणारा मुलगा शिस्तीचा वाटतो. वेगळे जेवणे, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, खाण्याचे पदार्थ लपवणे या खुणा एकत्र दिसू लागल्या, तर त्याकडे लक्ष द्यायला हवे.

समुपदेशनाआधी शरीराची तपासणी का?

हा आजार मनाचा असला तरी त्याचा धोका शरीरालाही असतो. वारंवार उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या मानसिक आजारांत अनोरेक्सियाची गणना होते. त्यामुळे रक्तचाचण्या, रक्तदाब आणि ईसीजी आधी व्हायला हवेत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो. बेशुद्ध पडणे, छातीत धडधड, कमालीचा अशक्तपणा जाणवल्यास समुपदेशकाच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. निदान, औषधे आणि गरज पडल्यास रुग्णालयात भरती हे त्याचे काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसोपचाराची सत्रे घेतात, औषधे देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी लागते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ती तपासता येते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेलेही लावतात. सगळेच समुपदेशक अपात्र असतात असे नाही, पण शिक्षण विचारून घ्यावे. या विकारांत एकटा तज्ज्ञ सहसा पुरत नाही. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकमेकांच्या संपर्कात असणे महत्त्वाचे.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

• यापूर्वी खाण्याच्या विकाराचे रुग्ण हाताळले आहेत का?

• उपचारांची पद्धत कोणती? प्रौढांसाठी या विकारांकरिता बेतलेली ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ (सीबीटी) वापरली जाते. वजन फार घटलेले नसेल तर साधारण २० सत्रे लागतात. किशोरवयीनांसाठी कुटुंबाधारित उपचार परिणामकारक मानले जातात. १९८०च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या या पद्धतीत पालकांना दोष न देता, मुलाच्या जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवली जाते.

• शारीरिक तपासणी कोण करणार? शुल्क किती?

पहिल्याच भेटीत वजन घटवण्याचा प्लॅन देणारा, ‘इच्छाशक्ती कमी पडते’ म्हणणारा किंवा ठरावीक दिवसांत बरे करण्याची हमी देणारा तज्ज्ञ टाळलेला बरा.

लहान शहरांत, गावांत काय?

देशात दर एक लाख लोकसंख्येमागे जेमतेम ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अपेक्षित संख्या तीन आहे. त्यातही या विकारांचा अनुभव असलेले कमी आणि बहुतेक महानगरांत. सुरुवातीला केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालय, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, तसेच ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हे पर्याय आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. महानगरातील तज्ज्ञाची ऑनलाइन सत्रे आणि गावातील डॉक्टरांकडून दर आठवड्याला तपासणी, अशी सांगड घालता येते.

विमा मिळतो का?

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. मात्र अनेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच लागू होतात. बाह्यरुग्ण समुपदेशनाचा खर्च मिळेल का, हे पॉलिसीत पाहावे लागते. आठवड्याचे सत्र महिनोन्‌महिने चालणाऱ्या या उपचारांत अनेक कुटुंबे इथेच अडतात. सरकारी रुग्णालयाचा पर्याय त्यामुळे आधीपासून हाताशी ठेवावा.

घरच्यांनी काय टाळावे?

ताटावरून भांडण, वजनावरून टोमणे आणि इतरांशी तुलना. ‘तू इतकी का खातेस’ किंवा ‘का खात नाहीस’ यापेक्षा ‘तुला त्रास होतोय असे दिसते, आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत’ हे वाक्य अधिक कामाचे. रुग्णाने पहिल्यांदा नकार दिला तरी विषय सोडू नये. उपचार लवकर सुरू झाले, तर बरे होण्याची शक्यता वाढते.