जातींचा जीनोम पाळणाऱ्यांच्या हाती द्या

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो, करनाल

महोदय,

खिल्लार, देवणी, डांगी, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी, दख्खनी मेंढी या जाती तुमच्या नोंदवहीत आहेत. देशी जातींच्या जीनोमवर, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्यावर, आपल्याकडे जे संशोधन होते, ते जनावरे पाळणाऱ्यांना मोबाइलवर स्वतः हाताळून पाहता येईल अशा चित्ररूपात आणि त्यांच्या भाषेत खुले करावे, यासाठी हे पत्र.

या माहितीचे मोल फलटणला दिसले आहे. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते, तर सुंदरबनातल्या गरोल मेंढीला जुळी-तिळी होतात. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएचे एक अक्षर बदलल्याने हे घडते, असे २००१ मध्ये उघड झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो बदल संकरातून दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. ते गुणसूत्र पडद्यावर मोठे करत त्या अक्षरापर्यंत जाण्याची सोय आज जगात आहे. पण ती इंग्रजीत आहे, आणि तिथे मेंढीचा मूळ नमुना परदेशी जातीचा असतो. गायीचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला जीनोमही अमेरिकेतल्या एका हेरफर्ड गायीचा होता.

जातींची नाती दाखवताना तर चित्र हाताळून बदलता येणे फार गरजेचे आहे. संशोधन लेखांत प्रत्येक जनावराची एक रंगीत पट्टी छापतात. कोणता रंग कोणत्या पूर्वजगटाचा, हे त्यावरून वाचायचे. मात्र असे गट किती धरायचे, हे संशोधक ठरवतो. तीन धरले तर दोन जाती एकाच रंगाच्या दिसतील, सहा धरले तर वेगळ्या होतील. छापील चित्रात यातली एकच निवड कायम होते आणि तेच अंतिम सत्य वाटू लागते. गटांची संख्या बदलून पाहता आली, तर पट्टीतला दुसरा रंग म्हणजे भेसळ नव्हे, हे वाचकालाच कळेल. ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणून चढ्या भावाने वळू विकणाऱ्यालाही मग प्रश्न विचारता येईल.

म्हणून तीन विनंत्या. प्रत्येक चित्रासोबत किती जनावरे तपासली आणि ती कोणत्या जिल्ह्यांतली, हे लिहा. कळपात जवळच्या नात्यातली पैदास किती वाढली आहे, ते स्पष्ट दाखवा. नमुने देणाऱ्या पशुपालकांचे नाव-गाव मात्र त्यांच्या संमतीशिवाय दाखवू नका.

दुष्काळात, भटकंतीत, चाऱ्याच्या टंचाईत या जाती धनगर-गवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी टिकवल्या. त्यांच्याच जनावरांच्या रक्तातून मिळालेली माहिती त्यांना वाचता येत नसेल, तर ते संशोधन अपुरे आहे. दख्खनी मेंढीपासून आणि मराठीतून ही सुरुवात करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक