सहकारी भांडार मॉलने मारले नाही!

कसबा बावड्याचा शेतकरी ऊस राजाराम कारखान्याला घालीत असे आणि ‘बैल छाप’ खताचे पोते शेतकरी सहकारी संघातून आणीत असे. तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये स्थापन झालेला हा संघ खतावर थांबला नाही. किराणा, कापड, औषधे, इतकेच काय पेट्रोलही त्याने सभासदांना पुरविले. मालात भेसळ नाही, मापात पाप नाही, हीच त्याची जाहिरात होती.

ते वैभव ओसरले. कारभार प्रशासकांच्या हाती जाण्यापर्यंत वेळ आली. याचे खापर मॉल आणि परकीय भांडवल यांवर फोडणे ही शुद्ध आत्मवंचना होय. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला केंद्राने २०१२ मध्ये मुभा दिली. तिला झालेला विरोध योग्यच होता. परंतु सहकारी भांडारांची घसरण त्याआधीच सुरू झाली होती.

मुंबईकडे पाहावे. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या सहकारी दुकानातून ‘अपना बाजार’ उभा राहिला. त्याचीच नेरूळची फ्रँचायझी राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये घेतली, किरकोळ व्यापाराचे धडे तेथे गिरविले आणि २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बळावर माल स्वस्त घ्यायचा आणि स्वस्त विकायचा, एवढीच ती विद्या! ती शिकायला कोणी परदेशी गेले नव्हते. विद्यार्थी मोठा झाला, शाळा मात्र मागे पडली.

सहकारी संस्थांना ही विद्या अवघड नव्हती. पण संचालकपद हे विधानसभेच्या वाटेवरचे पायपुसणे झाले, नोकरभरती कार्यकर्त्यांची सोय झाली आणि वार्षिक सभा घोषणाबाजीत गुंडाळली जाऊ लागली. ‘बिना संस्कार नहीं सहकार’ असे सहकार भारती सांगत आली, तेव्हा सहकारसम्राटांना ते प्रवचन वाटले. सभासदही निर्दोष नाहीत. कारखान्याच्या निवडणुकीत बावड्याची गल्लीन् गल्ली जागी असते. भांडाराचा ताळेबंद मागायला कोण जातो?

२०२३ च्या नवरात्रापूर्वी अंबाबाईच्या भाविकांच्या सोयीसाठी जिल्हा प्रशासनाने भवानी मंडपाजवळील संघाची इमारत ताब्यात घेतली, तेव्हा सभासद रस्त्यावर उतरले. भाविकांची सोय व्हायलाच हवी, संस्थेची वास्तूही राखायला हवी. पण इमारतीसाठी खवळलेले हे सभासद आतला व्यापार आटत होता तेव्हा कोठे होते? बहुधा सवलतीच्या रांगेत. आणि त्या रांगेत स्वदेशीवरची बौद्धिके वर्षानुवर्षे ऐकलेली कुटुंबेही थोडी नव्हती.