पलटणीचा पैसा आणि उताऱ्यावरचं नाव

आपल्या सातारा जिल्ह्यात ज्या गावातून एकही माणूस फौजेत गेला नाही असं गाव दाखवा म्हटलं, तर अवघड आहे. अपशिंग्याचं नाव तर साऱ्या देशाला ठाऊक. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांना नारळ-टॉवेल द्यायची पद्धतही आता बरीच रुळली आहे. चांगलंच आहे. पण पलटणीच्या पैशावर जे रान घेतलं किंवा सोडवलं, ते कुणाच्या नावावर आहे, हे नारळ देताना कुणी विचारत नाही.

दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवत नाही. आमच्याच घरातलं सांगतो.

आण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. १९४२ साली मराठा पलटणीत भरती झाले. दुसऱ्या महायुद्धातली २५ लाखांची हिंदी फौज सगळी स्वखुशीची होती, असं पुस्तकांत लिहितात. स्वखुशी म्हणजे काय, ते आमच्या घराला माहीत होतं. ओढ्याकडचं दीड एकर सावकाराकडं गहाण, खाणारी तोंडं अकरा. आण्णांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

ते पाचव्या मराठ्यांच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या सांग्रो नदीवर लढली. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदीपार आणलं आणि मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आण्णा मात्र लढाईचं फारसं बोलत नसत. बोलत ते बैलांचं. इटलीतले शेतकरी पांढऱ्याशुभ्र बैलांवर नांगरट करतात, खिल्लारापेक्षा अंगानं थोर, पण चाल मंद. रणगाड्यांनी द्राक्षांचे वेल चिरडले तेव्हा बांधावर बसून एक म्हातारा रडत होता, हेही सांगत. आणखी एक सांगत, की राजवाड्यासारख्या एका घरात भिंतीला टेकून माणसापेक्षा उंच चित्रं ठेवली होती आणि आम्ही त्यांच्यावर पहारा दिला. पारावरची मंडळी हसायची. ते खरं होतं. फ्लॉरेन्सच्या जगप्रसिद्ध संग्रहालयातली चित्रं लढाईपासून वाचवायला मोंतेगुफोनीच्या वाड्यात हलवली होती आणि १९४४ च्या उन्हाळ्यात तिथं मराठ्यांचा पहारा होता. हे मला कळलं तेव्हा आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

१९४६ ला ते परत आले. लढाई संपली, फौज कमी केली, हातावर थोडी रक्कम देऊन घरी पाठवलं. पेन्शनला १५ वर्षं नोकरी लागते. त्यांची चारच भरली. पण आण्णा खुशीत होते, कारण ओढ्याकडचं रान त्यांच्या मनिऑर्डरीवर सुटलं होतं. ते सुटलं माझ्या आजोबांच्या नावावर. उताऱ्यावर 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, एवढा शेरा पडला असता तरी धाकट्यांचा हक्क दिसला असता. तो पडला नाही. मुद्दाम की अडाणीपणानं, हे आजोबांना विचारायला मी लहान होतो, आणि मोठा झालो तेव्हा विचारायची हिंमत नव्हती.

मग आण्णा मुंबईला गिरणीत गेले. खोलीवर वीस माणसं, सुट्टीला गावी, पोरं गावी. १९६१ ला वाटणी झाली. ओढ्याकडचं आमच्याकडं राहिलं, आण्णांच्या वाट्याला मुरमाड माळ आला. ते बोलले नाहीत. धाकटी आजी बोलली. "मनिऑर्डरीवर अंगठा तुमचा, पण बंदूक कुणाच्या खांद्यावर होती?" एवढंच. त्यानंतर दोन्ही घरांत बारा वर्षं हळदीकुंकूसुद्धा नव्हतं.

१९९३ साली आण्णा गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारची मासिक मदत असते, हे कुणीतरी सांगितलं म्हणून मी आजीला घेऊन एका कचेरीत गेलो. डिस्चार्जचा कागद ट्रंकेत भिजून लगदा झाला होता. कारकून म्हणाला, नंबर नाही तर काही होणार नाही. आजी म्हणाली, "नंबर हाय की." आणि तिनं तो घडाघडा म्हणून दाखवला. तिला अक्षर येत नव्हतं. पण चार वर्षं मास्तरकडून पत्रं लिहून घेताना पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, नवऱ्याचा नंबर आणि पलटण एवढंच असायचं. एक आकडा चुकला तर पत्र जाणार नाही, या धास्तीनं तिनं तो पाठ केला होता. त्या नंबरावर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात आण्णा सापडले. मदत सुरू झाली. ती आजीनं अकरा वर्षं घेतली.

आता मनिऑर्डर राहिली नाही, पैसा खात्यावर येतो. पण सुट्टी तेवढीच तुटपुंजी. जवान सरहद्दीवर असतो, जमीन विकणारा घाईत असतो, म्हणून खरेदीखत बापाच्या नाहीतर भावाच्या नावानं होतं. "नंतर बघू" म्हणतात. नंतर बापामागं बहिणी-भाऊ सगळ्यांची वारसनोंद लागते आणि ज्यानं पैसा घातला तो कोर्टाच्या पायऱ्या चढतो. वास्तविक जवानानं मुखत्यारपत्र करून दिलं तर तो लडाखात असतानाही खरेदी त्याच्या नावानं होऊ शकते. बायकोचं नाव सोबत घालता येतं. खर्च थोडा जास्त येतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना राग येतो. खरी अडचण त्या रागाचीच आहे. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून फौजी गप्प बसतो. गोळीला न भिणारा माणूस घरात भितो तो असा.

ग्रामपंचायतीनं फौजी कुटुंबांना घरपट्टीत सवलत द्यावीच. पण वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवसांत, सगळ्या जवानांना आणि त्यांच्या बायकांना बोलावून सातबारा-आठ अ समोर ठेवावेत. कुणाचं नाव कुठं आहे ते मोठ्यानं वाचावं. चार घरांत भांडणं होतील. ती आज झालेली बरी.

ओढ्याकडचं रान अजून आमच्याकडंच आहे. त्यातल्या उसाचं बिल माझ्या आणि माझ्या भावाच्या खात्यावर येतं. गेल्या महिन्यात आण्णांच्या नातवाला घेऊन तलाठ्याकडं गेलो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). तो वाटेत म्हणाला, "दादा, आता कशाला उकरून काढताय?" वकिलाकडून अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र लिहून घेतलं आहे. माझी सही झाली. धाकट्या भावाची व्हायची आहे.