प्रशिक्षक हवा, अधिकार नको!

संघ हरला की दोष प्रशिक्षकाचा आणि जिंकला की हार पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात, हा न्याय केवळ आपल्याच क्रीडासंघटनांत चालतो, असे मानणाऱ्यांनी वेल्सच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा इतिहास अवश्य पाहावा.

ब्रिटनमधील जुन्या पठडीत संघाचा धनी कर्णधार असे. बाहेरच्या गुरूने खेळाडूंना धडे द्यावेत, हे हौशी खेळाच्या मर्यादेत बसत नाही, अशी तेथील धुरीणांची धारणा होती. १९७१ साली स्कॉटलंडने बिल डिकिन्सन यांना नेमले, तेव्हाही ‘प्रशिक्षक’ हा शब्द टाळून त्यांना ‘कर्णधाराचे सल्लागार’ म्हणविले! वेल्सचे डोळे त्याआधीच उघडले होते. १९६४ मध्ये दरबान येथे दक्षिण आफ्रिकेने त्यांना २४-३ असे लोळविले. त्या नामुष्कीतून प्रशिक्षणाची योजना निघाली आणि १९६७ मध्ये डेव्हिड नॅश हे राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. परंतु १९६८ च्या अर्जेंटिना दौऱ्यावर त्यांना पाठविण्यास संघटनेने नकार दिला. वैद्य नेमायचा, पण रोग्याच्या खोलीत त्याला पाऊल ठेवू द्यायचे नाही, असाच हा प्रकार! नॅश यांनी राजीनामा दिला. अखेर संघटनेला निर्णय फिरवावा लागला आणि क्लाइव्ह रोलंड्स संघाबरोबर गेले. दरबानला पराभूत संघाचे कर्णधार असलेल्या याच रोलंड्स यांच्या हाताखाली वेल्सने १९७१ मध्ये पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतील चारही सामने जिंकले.

त्याच वर्षी ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त ‘लायन्स’ संघाने न्यूझीलंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. त्या भूमीवर लायन्सना मिळालेला हा एकमेव मालिकाविजय. त्याचे शिल्पकार कार्विन जेम्स हे वेल्श भाषा-साहित्याचे अध्यापक आणि मायभूमीच्या स्वायत्ततेचे निष्ठावंत पुरस्कर्ते. १९७२ मध्ये त्यांच्या लानेली क्लबनेही न्यूझीलंडला ९-३ असे नमविले. एवढ्या योग्यतेचा माणूस घरी असताना १९७४ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. संघनिवडीच्या व्यवस्थेत प्रशिक्षकाचा शब्द चालला पाहिजे, एवढेच जेम्स यांचे म्हणणे होते. ते मानले जाणार नाही हे दिसताच त्यांनी आपले नाव मागे घेतले. १९८३ मध्ये ते निवर्तले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांना कधीच लाभले नाही.

जेम्स यांच्यावाचून वेल्सचे काय अडले, असे कोणी विचारील. जॉन डॉज यांच्या कारकीर्दीत १९७६ व १९७८ मध्ये वेल्सने पुन्हा सर्व सामने जिंकले, हे खरेच आहे. पण असामान्य खेळाडूंची पिढी व्यवस्थेचे दोष झाकते, घालवीत नाही. १९८८ च्या वसंतात प्रशिक्षक टोनी ग्रे यांच्या संघाने इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या तिघांनाही हरविले. त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडमध्ये ५२-३ व ५४-९ असे पराभव पत्करावे लागताच ग्रे यांना घरी बसविण्यात आले.

पुढे न्यूझीलंडच्या वॉरन गॅटलंड यांच्यापाशी संघ सुमारे बारा वर्षे राहिला आणि २००८, २०१२ व २०१९ अशी तीन वेळा निर्भेळ यशाची पताका फडकली. स्थैर्य आणि विश्वास यांचे फळ याहून स्पष्ट कसे दिसावे?

ज्याच्याकडून जाब घ्यायचा, त्याच्या हाती आधी अधिकार द्यावा, हा राज्यकारभाराचा साधा नियम आहे. क्रीडांगण त्याला अपवाद असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. समित्यांनी प्रशिक्षक पारखून घ्यावा, मुदतीअंती हिशेबही मागावा. मधल्या काळात मात्र त्याच्या वाटेतून दूर राहावे.