तिकीट अर्धे झाले, तहान मात्र पूर्ण

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की पुणे, पिंपरी, चाकणहून बीड जिल्ह्याकडे येणाऱ्या आणि चार दिवसांनी परतणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडहून पुणे तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत रेल्वे आली, पण दिंद्रुडकरांची मुख्य भिस्त आजही एसटीवर आणि खासगी बसवरच आहे. गाडीची वाट पाहणे, ती बदलणे हे सारे धरून सात-आठ तास सहज जातात. या प्रवासासाठी दशम्या-चटणीचे गाठोडे बांधले जाते, मुलांचे स्वेटर वर काढले जातात. घरातल्या बायका आणखी एक तयारी करतात, तिची वाच्यता मात्र कुणी करत नाही. त्या सकाळपासून पाणी पिणे बंद करतात.

कारण उघड आहे. वाटेत लघवीला कुठे जायचे? पुरुष गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. बाईला आडोसा लागतो, पाणी लागते, दाराला आतून कडी लागते. हे मिळण्याची खात्री नसते, म्हणून ती तहान मारते. सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतच नाही. वैद्यकीयदृष्ट्या मात्र ही सवय महागात पडणारी आहे.

सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला एक ते दोन लिटर लघवी तयार होते. मूत्राशयात सुमारे चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. पाणी कमी प्यायले तरी लघवी तयार होणे थांबत नाही, ती फक्त दाट होते. दाट लघवी तासन्‌तास साठून राहिली की मूत्रमार्गातले जंतू धुऊन निघत नाहीत, तिथेच वाढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा त्याच्या कितीतरी पट लांब. त्यामुळे जंतूंना स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत पोहोचणे सोपे जाते. प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईच्या दुखण्याचे मूळ अनेकदा त्या बसमध्ये असते. गरोदर स्त्री आणि मधुमेही यांना हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका अधिक. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी दाट लघवी म्हणजे नव्या खड्याला आमंत्रणच.

पाण्याचे महत्त्व संशोधनानेही दाखवले आहे. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींनी रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायले. वर्षभरात त्यांच्या संसर्गाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. डिसेंबरात तर फसगत दुहेरी होते. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी मात्र जास्त होते.

दुसरा प्रश्न पायांचा. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. पाय लटकवून, गुडघे मुडपून तासन्‌तास बसले की हे थांबते आणि शिरेत गुठळी होऊ शकते. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना आश्रयस्थानांत रात्र-रात्र खुर्चीत बसून काढणाऱ्या काही जणांचा अशाच गुठळ्या फुप्फुसात जाऊन मृत्यू झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, रेल्वे असो की बस. तरी निरोगी माणसात त्याचे प्रमाण सहा हजारांत एक इतके कमी आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, खूप वजन असलेले आणि कर्करोगाचे रुग्ण यांनी जपायला हवे.

या दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच आणि तो साधा आहे. गाडी ठरलेल्या वेळी, स्वच्छ जागी थांबली पाहिजे.

नाताळात ब्राझीलमध्ये भर उन्हाळा असतो आणि सुट्टीसाठी गावी जाणारे लाखो लोक तिथेही बसनेच जातात. साओ पाउलोहून ईशान्येकडच्या साल्वाडोरला जायला तीस तासांहून अधिक लागतात. तिथल्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये मागच्या बाजूला शौचालय असते. शिवाय २०१५ च्या कायद्याने प्रवासी बसच्या चालकाला दर चार तासांमागे अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली आहे. म्हणून तो देश आदर्श ठरतो असे नाही. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे मिनास जेराइस राज्यात सुट्टीच्या प्रवाशांनी भरलेल्या बसची ग्रॅनाइटची शिळा नेणाऱ्या ट्रकशी धडक होऊन जवळपास चाळीस माणसे गेली. पण लांबचा प्रवास करणाऱ्याला शौचालय लागते आणि चालकाला विश्रांती लागते, एवढे तिथे गृहीत धरले आहे. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर चालकाला किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा दंडक घालून दिला होता. त्यात प्रवाशाच्या मूत्राशयाचा विचार नव्हता.

मार्च २०२३ पासून एसटीने महिलांना निम्मे तिकीट केले. निर्णय चांगलाच होता, त्याने बायकांचा प्रवास वाढला. पण तिकीट अर्धे झाले तरी तहान पूर्णच राहिली. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातूनच राज्यभर गाजला. पाणी आणि शौचालय नसले की बाईच्या आरोग्याचे काय होते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून मागणी मोठी नाही. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीच्या वेळापत्रकात दर अडीच-तीन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा छापलेला असावा. ज्या हॉटेलला थांब्याची परवानगी मिळते, तिथे महिलांसाठी कडी, दिवा आणि पाणी असलेले मोफत शौचालय ही पहिली अट असावी. ती मोडली की थांबा रद्द व्हावा. खासगी गाड्यांनाही हेच लागू व्हावे. वेळ वाया जाईल हा आक्षेप टिकत नाही, कारण आठ तासांच्या प्रवासात असे दोन थांबे म्हणजे अर्धा तास, आणि तोच अर्धा तास चालकाचे डोळेही ताजे करतो.

हे होईपर्यंत प्रवाशांनी काही पथ्ये पाळावीत. पाणी बंद करू नये, थोडे-थोडे पीत राहावे. गाडी सुटण्याआधी आणि प्रत्येक थांब्यावर लघवीला जाऊन यावे. अर्ध्या-पाऊण तासाने पावले खाली-वर हलवावीत, थांब्यावर चार पावले चालावे. मधुमेहींनी औषध आणि खाणे चुकवू नये. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. आणि थांब्यासाठी कंडक्टरला सांगायला बाईने लाजू नये. सोबतच्या पुरुषानेही ‘आता पुण्यालाच उतरू’ असे म्हणून तिला गप्प बसवू नये.